पहिलं बाळंतपण माहेरी

"तुमचा जन्म कुठला?" ब्रिटिश वकिलातीत काचेपलीकडच्या साहेबानं उल्काला विचारलं.

"मिरज."

"आणि बाळाच्या वडिलांचा?"

"सातारा."

साहेबानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. तरुण होता, मुंबईच्या उकाड्यानं लालबुंद झालेला. "मला एक कळत नाही," तो म्हणाला. "तुमचे आईवडील तेव्हा लेस्टरला राहत होते, तुमच्या यजमानांचे बर्मिंगहॅमला. तुमचा धाकटा भाऊ लेस्टरला जन्मला, त्यांची धाकटी बहीण बर्मिंगहॅमला. मग दोन्ही घरची थोरली मुलंच तेवढी इकडं कशी जन्मली?"

उल्कानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्या आईकडे, इंदूकडे. तिच्या मांडीवर दीड महिन्याची सई झोपली होती. तिच्या तोंडावरचा घाम टिपत इंदूनं थेट मराठीत ठणकावलं, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं म्हणावं त्याला. एवढंही ठाऊक नाही?"

उल्कानं ते इंग्रजीत सांगितलं. साहेब थोडा हसला.

"आणि हे बाळ?"

"हे पण पहिलंच," उल्का म्हणाली. "आईबाबा निवृत्त होऊन सांगलीला आले. मग माझं माहेर आता सांगली. म्हणून सातव्या महिन्यात आले."

साहेबाचं हसू मावळलं. त्यानं आम्हांला समजावून सांगितलं, आणि चांगल्या शब्दांत सांगितलं. त्याला मी आजही बोल लावणार नाही. मी तरुणपणी लेस्टरच्या होजिअरीच्या गिरणीत फिटर म्हणून गेलो, तिथं राहिलो, तिथला नागरिक झालो. ते नागरिकत्व माझ्या कमाईचं. उल्का परदेशात जन्मली तरी तिला ते माझ्याकडून आपोआप मिळालं. पण वारशानं मिळालेलं नागरिकत्व एकच पायरी उतरतं. उल्काची मुलगी पुन्हा परदेशात जन्मली, तर तिला ते आपोआप मिळत नाही. बापाकडून मिळालं असतं, पण बापही तसाच, आजोळी साताऱ्यात जन्मलेला. दोघांतला एक जण जरी त्या देशात जन्मला असता, तरी सईचा पासपोर्ट महिन्याभरात हातात पडला असता.

"मग आता?"

"बाळाची नोंदणी करून घेण्यासाठी अर्ज करा. वर्षाच्या आत करावा लागतो. कागद लंडनला जातील. पण आईनं बाळाच्या जन्माआधी सलग काही वर्षं आमच्या देशात काढलेली असावी लागतात. तुम्ही मधे मस्कतला होतात?"

"माझ्या नवऱ्याला, शैलेशला कंपनीनं पाठवलं होतं."

"बराच काळ?"

उल्कानं मान डोलावली.

"ते अडचणीचं होऊ शकेल. विचार होईल, एवढंच मी सांगू शकतो. निर्णयाला महिने लागतील. तोवर बाळाला पासपोर्ट नाही, आणि पासपोर्टशिवाय तिला देशाबाहेर नेता येणार नाही."

परतीच्या गाडीत इंदू पुण्यापर्यंत गप्प होती. चार शब्द बोलल्याशिवाय जिचं स्टेशन जात नसे, ती. पुण्याला मी चहा आणून दिला, तेव्हा म्हणाली, "माझ्या आईनं हट्ट धरला म्हणून मी आले होते मिरजेला. माझ्या आईला तिच्या आईनं बोलावलं होतं. यात चुकलं कुठं हो?"

मी म्हटलं, "कुठं नाही. चहा घे."

---

सांगलीत आल्यावर दुसरा फेरा सुरू झाला.

आमचं घर विश्रामबागेत, एका मजल्याचं, मागे दोन नारळ. सगळी मिळकत त्यात घातलेली. पण मी, इंदू आणि उल्का असे तिघेही विलायती पासपोर्टवाले, म्हणून पोलिसांच्या परकीय नोंदणीत आमची नावं. आमच्या घरात भारतीय म्हणजे भांडीवाली सुभद्रा आणि मांजर, असं इंदू म्हणायची. आता त्यात भर पडली ती सईची, आणि ती ना विलायती ना भारतीय.

नोंदणीचे इन्स्पेक्टर घोरपडे मोठे सालस गृहस्थ. त्यांनी कागद चाळले आणि डोकं खाजवलं.

"आता बघा काका. जन्म इथला, पण आईबाप दोघं परकीय. म्हणजे कायद्यानं पोरगी भारतीय न्हाई. परकीय धरावी, तर पासपोर्ट दाखवा. पासपोर्ट न्हाई, तर व्हिसा कशावर मारू?"

"मग ती आहे तरी कुठली?"

"तेच तर म्हणतोय मी. सगळं आयुष्य बेकायदा राहणारी माणसं पकडण्यात गेलं, पण दुपट्यातली न्हाई बघितली कधी."

ते हसले, मीही हसलो. मग त्यांनी दुसरं सांगितलं, आणि हसू विरलं. उल्काचा व्हिसा भाद्रपदात संपत होता. तो वाढणार नव्हता. तिकडं तिची रजाही संपत आली होती. आणि आता ती आणखी दिवस देशाबाहेर राहिली, तर अर्जाचं काय होईल, ही भीती निराळीच. म्हणजे उल्कानं जायचं, आणि सईनं जायचं नाही.

"आणि अर्ज नामंजूर झाला तर?" मी विचारलं.

घोरपड्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "घरात कुणी भारतीय नातेवाईक हाय का तुमच्या? मूलबाळ नसलेला?"

होता. माझा पुतण्या सदानंद. गावभागात राहायचा, किराणा दुकान होतं, आणि निर्मलेशी लग्न होऊन बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता.

"रीतसर दत्तक द्या," घोरपडे खाली मान घालून म्हणाले. "होम, दत्तकपत्र, सगळं. पोरगी भारतीय घरची झाली, की तिच्या कागदांचं पुढं काहीतरी बघता येईल. निदान कुणाची तरी होईल. फक्त एक ध्यानात ठेवा, काका. दत्तक एकदा दिलं, की माघारी घेता येत न्हाई."

---

मी कीर्तनवेडा माणूस. लेस्टरला असताना रविवारी कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमायचो, कॅसेट लावायचो, मी झांज धरायचो. लहानगी उल्का माझ्या पायाशी बसून ऐके. तिचं सगळं मराठी त्या कॅसेटांवर पोसलेलं. सांगलीला आलो तेच मुळी श्रीपादबुवांच्या मागे उभं राहून झांज वाजवायला मिळावी म्हणून. पण त्या आषाढात देवळात गेलो तरी ताल हाताला लागेना. चहूकडून भिंती पुढं सरकत होत्या. सईचा अर्ज केव्हाच भरून दिला होता; मुंबईला पत्र पाठवलं की उत्तर यायचं, "विचाराधीन". एसटीडी बूथवर उभं राहून उल्का शैलेशशी बोलायची. बाहेर लोक खोळंबलेले, आत मीटर पळतोय, आणि ती नुसती रिसीव्हर धरून उभी.

"काय म्हणाला?"

"म्हणतो, तू सांगशील तसं. मी काय सांगू, बाबा?"

घोरपड्यांची सूचना मी पोटात ठेवून पाहिली. आठ दिवसही राहिली नाही. इंदूला सांगितली. इंदू देवघरात जाऊन बसली ती जेवायला उठेना. उल्काला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. सईच्या टाळूला तेल घालत होती, ते घालून झाल्यावर म्हणाली, "वहिनी चांगली आहे."

एवढंच.

सदानंदाला कळलं त्या दिवशी तो धावतच आला. पाया पडायला वाकला आणि त्याला हुंदका आवरेना. "काका, आम्ही हिला फुलासारखं ठेवू. उल्कानं कधीही यावं. मी मामाच राहीन हो, नावापुरता बाप!" मग डोळे पुसत त्याच्या स्वभावाप्रमाणं थट्टा केली, "मामा म्हणजे कंस नव्हे हं मी!"

निर्मला मात्र दाराशी उभी होती. तिनं सईला घेतलं, छातीशी धरलं, आणि जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आम्हांला वाटलं, आनंदानं वाचा बसली असेल.

दत्तकाचा मुहूर्त गोकुळाष्टमीनंतरचा ठरला. त्या दिवसापासून निर्मला रोज सकाळी यायची, दिवसभर सईला सांभाळायची. आणि त्याच दिवसापासून उल्कानं एक गोष्ट सुरू केली. सई रडली की ती जागची हलायची नाही. निर्मला बाटली घेऊन यायची, उल्का मागीलदारी नारळाशी जाऊन उभी राहायची, पदर छातीशी घट्ट धरून. तिच्या अंगावर दूध होतं. इंदू म्हणाली, "अगं, पाज की तिला. अजून आहेस ना इथं?"

"नको, आई. सवय होऊ दे."

इंदूनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. पोळपाटावर पोळी तशीच. "मी हिला माहेरपण करायला बोलावलं होतं," ती म्हणाली, आणि लाटणं फिरवायला लागली.

---

श्रावणात आमच्या राममंदिरात रोज दुपारी श्रीपादबुवांचं कीर्तन असे. त्या दिवशी कृष्णजन्माचं आख्यान होतं. मी उल्काला म्हटलं, चल. ती खांबाला टेकून बायकांत बसली. जरा पलीकडे निर्मला, मांडीवर सई.

बुवांचं वय झालेलं, आवाज मात्र घंटेसारखा. पूर्वरंग आटपून बुक्का लावला, उपरणं कमरेला गुंडाळलं आणि ते आख्यानात शिरले. मथुरेचा बंदिवास, बेड्या, पहारे. वसुदेवाच्या डोक्यावर टोपली, पूर आलेली यमुना. मी मागं झांज धरून होतो आणि बुवांचा प्रत्येक शब्द मला आमच्या घरचा वाटत होता. दारं आपोआप उघडली, असं ते म्हणाले, तेव्हा मला पहिल्यांदाच देवाचा राग आला. आमचं एक दार उघडत नव्हतं.

मग बुवा थांबले. चिपळ्या खाली ठेवल्या.

"मंडळी, टोपलीत देव गेला, त्याची चिंता आपण सगळेच करतो. पण येताना त्या टोपलीत कोण होतं? एक मुलगी. जन्मून चार घटका झाल्या नाहीत. नंदाघरून उचलली, मथुरेच्या तुरुंगात आणून ठेवली. आता ती कुणाची? गोकुळात म्हणाल तर तिथं आता मुलगा आहे. मथुरेत म्हणाल तर तिथं ती आठवा म्हणून मोजली जाणार. ना इकडची, ना तिकडची. आणि यशोदा? तिला कुणी विचारलं, बाई, तुझी नेऊ का म्हणून? ती झोपेत होती म्हणून सगळं निभावलं. जागी असती तर?"

देवळात एवढं शांत झालं की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. आणि त्या शांततेत सई रडायला लागली.

भुकेचं रडणं. निर्मलेनं पिशवीतली बाटली काढली. माझी नजर उल्काकडे गेली. ती खांबाशी डोळे मिटून बसली होती, दोन्ही हात पदराखाली. तिच्या चोळीवर ओलं वर्तुळ उमटत चाललेलं मला इतक्या लांबून दिसलं.

निर्मला बाटलीचं झाकण उघडायला थांबली. तिनंही ते पाहिलं असावं. बाटली तिनं परत पिशवीत टाकली, सईला घेऊन उठली आणि बायकांमधून वाट काढत उल्कापाशी गेली.

"वन्सं, घ्या."

उल्कानं डोळे उघडले. "राहू दे तुझ्याकडे. सवय होऊ दे."

"कुणाला सवय? तिला का तुम्हांला?"

"वहिनी, लोक बघताहेत."

"बघू देत. मी झोपेत नाही, जागी आहे. म्हणून सांगते." निर्मलेनं पिशवी खाली ठेवली. "मी सांभाळीन हिला. वर्ष म्हणा, दोन वर्षं म्हणा, तुम्हांला कागद मिळेपर्यंत. रात्री जागीन, न्हाऊ घालीन, गोवर आला तर उशाशी बसेन. पण माझ्या ओटीत घालू नका हो. एकदा घातलीत, तर मग माझ्याच्यानं परत द्यायचं होणार नाही. मी मला ओळखते."

उल्काचे हात पदराबाहेर आले. निर्मलेनं त्यांत सईला ठेवलं, स्वतःचा पदर सोडून दोघींवर धरला, आणि तशीच उभी राहिली, भिंतीसारखी. रडणं थांबलं.

पुरुषांच्या बाजूला सदानंद बसला होता. त्याचं तोंड पाहवत नव्हतं. पण तो उठला नाही. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

बुवांनी डोळे टिपले. मग मागे वळून मला म्हणाले, "निमकर, झांज."

मी झांज धरली. त्या दिवशी ताल हाताला लागला.

---

भाद्रपदात उल्का एकटी गेली. ते मला सांगता यायचं नाही. तिला पोचवायला गेलेली गाडी वळेपर्यंत निर्मला सईचा हात धरून हलवत होती, एवढंच लिहितो.

घोरपड्यांना मी खरं काय ते सांगितलं. दत्तक नाही. त्यांनी फाईल पुन्हा उघडली. "मग आता मी काय करू, काका?" मग स्वतःच तोड काढली. प्रकरण वर कळवलं, आणि निर्णय होईपर्यंत बाळाला दर महिन्याला समोर हजर करायचं असं लिहून दिलं. झालं! सई पोलिसांत हजेरीला जाऊ लागली. निर्मला तिला काजळ घालून, टोपडं बांधून न्यायची. हवालदारांनी तिच्यासाठी बिस्किटाचा डबा ठेवला. माघात घोरपड्यांच्या टेबलाचा कोपरा धरून ती पहिल्यांदा उभी राहिली. "आरोपी पळून जायच्या बेतात हाय!" असं म्हणून त्यांनी सगळं ऑफिस बोलावलं.

तरी दिवस जाता जात नसत. पोस्टमन दिसला की इंदू फाटकाशी. उल्का रविवारी फोन करायची. आम्ही रिसीव्हर सईच्या कानाला लावायचो, आणि ती तो तोंडात घालायची. सई निर्मलेला "मामी" म्हणायला शिकली. तिचा पहिला शब्द. निर्मलेनं तिला रोज उल्काचा फोटो दाखवून "आई" म्हणायला लावायचा चंग बांधला होता. "आधी हे म्हण, मग खाऊ." सई हसायची आणि म्हणायची, "मामी."

फाल्गुनात लंडनहून पत्र आलं. अर्ज मंजूर होता. मस्कतचं त्यांनी समजून घेतलं होतं.

सईला पोचवायला मी गेलो. निघायच्या दिवशी निर्मला घरी आली नाही. सदानंदाबरोबर एक गाठोडं धाडलं. आत गोधडी होती, तिच्या रोजच्या नेसणीच्या दोन जुन्या लुगड्यांची, न धुतलेली. सदानंद म्हणाला, "काका, ती म्हणाली, विमानतळावर आधी ही उल्काच्या अंगाभोवती गुंडाळा, मग पोर द्या. आणि मधे कुणाकडे देऊ नका."

"तू का नाही आणलंस तिला?"

"न्हाणीघरात नळ सोडून बसलीय, काका. मी दार वाजवलं नाही."

हीथ्रोला उल्का आणि शैलेश कठड्याला चिकटून उभे होते. उल्कानं हात पुढे केले, आणि सईनं माझ्या मानेत तोंड खुपसलं. सात महिन्यांत आई पुसली गेली होती. उल्काचे हात तसेच राहिले. मी गाठोडं सोडलं, गोधडी तिच्या खांद्यावरून पांघरली आणि मग सईला पुढे केलं. सईनं एकदा वास घेतला. मग दुसऱ्यांदा. मग डोकं गोधडीवर टेकवलं आणि हळूच म्हणाली, "मामी."

"हो," उल्का रडत म्हणाली. "हो, बाळा. मामी."

---

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. इंदू गेली. श्रीपादबुवा गेले. घोरपडे निवृत्त होऊन कुठे गेले, कळलं नाही. सदानंद आणि निर्मला आता माझ्याच घरी राहतात. मला एकट्याला झेपत नाही. सई दर सुट्टीला येते. आधी निर्मलेच्या गळ्यात पडते, मग माझ्या पाया.

परवा श्रावणातल्या कीर्तनाला निघालो होतो. निर्मला माझं उपरणं झटकत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर सई. तोंड गोल झालेलं, पोट पुढं आलेलं.

"मामी, सातवा लागला गं. तिकीट काढू का? सांगलीला येते बाळंतपणाला."

"खबरदार!" निर्मला एवढ्या जोरात ओरडली की सदानंद दुकानाच्या पिशव्या टाकून आत आला. "विमानात पाय ठेवलास तर तंगडी मोडीन! तिथंच व्हायचं. ऐकू आलं? तिथंच!"

"आई पण हेच म्हणते," सई रुसून म्हणाली. "पण मामी, पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना?"

निर्मलेनं माझं उपरणं खुर्चीवर ठेवलं. दोन दिवसांपासून बाजेवर जुन्या लुगड्यांचे तुकडे पसरलेले होते, सुईदोऱ्यासकट. मी विचारलं नव्हतं कशाला म्हणून.

"असतंच," ती म्हणाली. "म्हणून तर मी येतेय."